अकरा गोण्या कपच्या

माय गेली तेव्हा मी सतरा दिवस गावी राहिले. सगळं आटोपून विद्यापीठात परतले, तर आमच्या विभागाच्या जिन्याखालची जागा रिकामी होती. तिथे माझ्या अकरा गोण्या असायच्या. सिंदेवाहीजवळच्या एका नाल्याकाठी तीन हिवाळे खोदून, चाळून, धुऊन आणलेल्या दगडाच्या कपच्या. हजारो वर्षांपूर्वी त्या काठावर बसून कुणीतरी दगडाची हत्यारं घडवली होती, आणि घडवताना उडालेला चुरा मातीखाली तसाच राहिला होता. त्या चुऱ्यावर मी पीएच.डी. करत होते.

शिपायाला विचारलं. तो बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिला.

"मॅडम, मले काई बोलू नका. सरांनी सांगतलं. मांगं गाड्या लावतात तिथी पानी साचून राह्यलं होतं ना, तिथी टाकल्या."

मी मागे गेले. जिथे प्राध्यापकांच्या स्कूटर उभ्या असत त्या खड्ड्यात माझ्या गोण्या उलट्या केल्या होत्या आणि वरून मुरूम पसरला होता. गोणीत लहान पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असायची: कोणता चौकोन, किती खोल. चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. चिठ्ठीशिवाय ती कपची नुसता दगड असते. हे समजत असूनही मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी उकरायला लागले.

सर दोन पाहुण्यांना घेऊन तिकडून आले. ते माझे मार्गदर्शक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन.

"अगं ऊठ, काय करतेस? हत्यारं माझ्या कपाटात नीट ठेवलीत. हा कचरा होता." मग पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "हिची आई गिट्टी फोडायची. घरचा धंदा, सुटत नाही."

पाहुणे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सर हसले म्हणून ते हसले. आई गेल्याचं कारण लिहिलेल्या माझ्या रजेच्या अर्जावर सरांची सही होती. सही करून, मग त्यांनी गोण्या उलट्या करवल्या होत्या.

ओढणीत बांधता आल्या तेवढ्या कपच्या मी घेतल्या. ओंजळभर असतील. त्यात एक मधाच्या रंगाची होती, मधून दोऱ्याएवढी पांढरी रेघ गेलेली. ती ज्या हत्यारापासून उडाली होती ते हत्यारही मीच खणून काढलं होतं. एकदा दोन्ही जुळवूनही पाहिली होती. हत्यार सरांच्या कपाटात गेलं. कपची माझ्याकडे राहिली.

हे मी माफ केलं नाही. माफ करावं असं कधी वाटलंही नाही.

सर म्हणाले ते खोटं नव्हतं. माय नागभीडच्या पुढे खदानीवर गिट्टी फोडायची. आमचं घर बौद्ध वस्तीत, धानाच्या दोन बांध्या, म्हणजे दोन खाचरं, त्याही पाटाचं पाणी न पोचणाऱ्या. पाऊस नीट झाला तर धान, नाहीतर खदान. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याजवळ सावलीला बसायची. ती घन मारायची नाही, ते पुरुष करत. ती हातोडी घेऊन मोठ्या दगडाची बारीक गिट्टी करायची. कुणाच्याही ढिगाजवळून जाताना तिला कळायचं की हा ढीग कोणत्या बाईचा.

एकदा मी विचारलं, "तुले कसं समजते?"

तिने एक कपची माझ्या हातात दिली. "हे पाय. ठोका पडला तिथी दगडाले फुगा येते. हिचा फुगा मोठा हाय, म्हंजे जोरात मारलं. आन ह्या कडेले दोनदा मारून फुटला नाई, तिसऱ्यांदा फुटला. ह्या नव्या बाईचा हात हाय. शिकून राह्यली बिचारी."

पुढे विद्यापीठात मला हेच शिकवलं गेलं, फक्त पुस्तकातल्या शब्दांत. वर्गातली इतर मुलं महिनाभर चाचपडत होती. मी पहिल्याच दिवशी ट्रेमधल्या कपच्या वेगळ्या करून ठेवल्या. सरांनी तेव्हा पाठ थोपटली होती. मीही खूश झाले होते, हेही लिहायला हवं.

सिंदेवाहीच्या त्या नाल्याकाठी देखणी हत्यारं फार थोडी निघाली, चाळीसेक. सरांना त्यांचे फोटो हवे होते. मला चुरा हवा होता. हत्यार माणूस बरोबर घेऊन जातो, दुसरीकडे टाकतो, हरवतो. चुरा कुणी नेत नाही. तो जिथे पडला तिथेच राहतो, आणि तांदळाच्या कणीएवढ्या कपच्या तर बसल्या जागेवरून हलत नाहीत. एका चौकोनात मला त्या पंख्यासारख्या पसरलेल्या सापडल्या, आणि पंख्याच्या मुठीशी हातभर जागा साफ रिकामी. माणूस तिथे मांडी घालून बसला होता. शेजारी दुसरा पंखा. पहिल्याच्या कपच्या पातळ, एकसारख्या. दुसऱ्याच्या जाड, कडा चेचलेल्या, दोन-तीन ठोक्यांनी फुटलेल्या. शेजारी बसून कुणीतरी शिकत होतं.

मी पहिल्याच्या कपच्या एकमेकींना जुळवत गेले. आठ महिने लागले. बाहेरची साल तयार झाली आणि आत पोकळी राहिली. त्या पोकळीत मी शाडूची माती दाबून भरली, सुकू दिली, कपच्या सोडवल्या. हातात एक टोकदार, पानासारखं हत्यार आलं. ते जमिनीत मिळालं नव्हतं, कारण घडवणारा ते घेऊन गेला होता. पण त्याचा आकार त्याने मागे टाकलेल्या चुऱ्यात होता. मी ते सरांना दाखवायला पळत गेले. त्यांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "मातीचं आहे की." ते मातीचं पान आणि त्याची साल अकरा गोण्यांपैकी तिसरीत होती.

गोण्या गेल्यावर सर म्हणाले, विषय बदल, हत्यारांच्या आकारावर लिही. मी नाही म्हटलं. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे गेले, दुसरी जागा, पुन्हा पहिल्यापासून. पदवीला चार वर्षं जास्त लागली. सरांच्या पुस्तकात सिंदेवाहीचं प्रकरण आलं. "भटक्या शिकाऱ्यांचा तात्पुरता तळ" असं त्यांनी लिहिलं. शिकवणारा नाही, शिकणारा नाही. मला गडचिरोलीला महाविद्यालयात नोकरी लागली. इतिहास शिकवायचा, परीक्षा, पेपर तपासणी. सोळा वर्षं गेली. या सोळा वर्षांत सरांचा विचार मी रोज करत होते असं नाही. पण त्यांचं नाव पेपरात आलं की जेवण जायचं नाही.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज तोच, थोडा खरखरीत.

"ओळखलंस का? अगं, एटापल्लीच्या बाजूला मोठी जागा सापडलीय. अप्रतिम हत्यारं. चंद्रपूरला परिषद आहे, तिथे जाहीर करतोय. पण हल्ली सगळ्यांना चुऱ्याचाही अहवाल लागतो. तू त्या कचऱ्यात हुशार होतीस ना? आणि तिथून जवळ आहेस. करशील एवढं?"

मी म्हटलं, "करीन सर."

चुऱ्याच्या सहा पिशव्या आल्या, बरोबर हत्यारांचे फोटो. पहिल्या संध्याकाळी मी चुरा पाहिला. सगळा पांढऱ्या गारेचा, दुधाळ, ओबडधोबड फुटणारा दगड. त्या डोंगरात तोच मिळतो. त्याची हत्यारंही तशीच ओबडधोबड होतात. मग फोटो पाहिले. फोटोतली हत्यारं लाल, तपकिरी, मधाच्या रंगाची, काचेसारखी गुळगुळीत. त्या रंगाचा एकही कण चुऱ्यात नव्हता. मी सगळ्यांत बारीक चाळणीचा गाळही भिंगाखाली पाहिला. हत्यार वापरलं की धार मोडते, धार पुन्हा काढली की मोहरीएवढ्या कपच्या उडतात. इतक्या हत्यारांपैकी एकाचीही मोहरी नव्हती.

सातव्या फोटोत मधाच्या रंगाचं हत्यार होतं, मातीत अर्धं रुतलेलं, शेजारी मापाची पट्टी. मधून दोऱ्याएवढी पांढरी रेघ.

मी उठून पाणी प्यायले. मग आपसूक हसायला आलं. घरात कुणी नव्हतं, बरं झालं.

रविवारी मी एटापल्लीला गेले. आलापल्लीपासून लोखंडाच्या दगडाचे ट्रक पुढे-मागे होते, धुळीने झाडं लाल झालेली. ती जागा गावाबाहेरच्या उतारावर होती. खड्डा बुजवलेला होता. पलीकडे एक म्हातारी माडिया बाई मोह वेचत होती. मी तिच्याशेजारी बसून थोडा मोह वेचला, मग विचारलं की इथे खोदलं तेव्हा ती होती का.

"होतो ना. माती मी वाहिलो," ती माडिया वळणाच्या मराठीत म्हणाली. "पांढरा दगड निघाला लय. सायेब गुस्सा झाला. मंग दुसऱ्या दिशी सायेब थैलीतून काढला, इथी ठेवला, फोटू मारला."

"तुमी पायलं?"

"पायलो ना." तिने टोपली हलवून मोह सारखा केला. "दगडाले दगडात काऊन ठेवते मानूस?"

मी ठरवलं, हिचं नाव कुठेही घ्यायचं नाही. उद्या चौकशी लागली तर कागद हिच्या दारात जातील. माझ्याजवळ कपची होती, तेवढी पुरे.

परिषदेच्या आधीच्या आठवड्यात मी विद्यापीठात गेले. एटापल्लीच्या हत्यारांची मोजमापं घ्यायचीत असं सरांना कळवलं होतं. शिपाई तोच, आता केस पिकलेले. त्याने कपाट उघडून दिलं आणि चहा सांगायला गेला. मी पर्समधून कपची काढली, मधाच्या रंगाच्या हत्याराच्या कडेवर ठेवली. टक्क असा बारीक आवाज झाला. पांढरी रेघ एका बाजूने आत शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली, मधे तुटल्याची खूणही दिसेना. मी कपची परत पर्समध्ये टाकली.

सर आले. चहा झाला. ते थकल्यासारखे दिसत होते. पुढच्या वर्षी निवृत्ती होती. एटापल्लीला छोटं संग्रहालय व्हावं अशी त्यांची इच्छा होती, त्याबद्दल बराच वेळ बोलले. मग बशीत कप ठेवत म्हणाले, "आई कशी आहे तुझी?"

त्या क्षणापर्यंत माझ्या मनात एक फट होती. वाटत होतं, इथेच, दार लावून सांगावं: सर, मला कळलंय, मागे घ्या. त्या प्रश्नाने ती फट बुजली.

"बरी आहे," मी म्हटलं.

परिषद चंद्रपूरला एका महाविद्यालयाच्या सभागृहात होती. काचेच्या पेटीत हत्यारं मांडली होती. सरांनी अर्धा तास भाषण केलं, टाळ्या पडल्या. नंतर चुऱ्यावर मी. मी सावकाश बोलले. पांढरी गार दाखवली, चाळणीचे फोटो दाखवले, आणि म्हटलं की या हत्यारांचा या चुऱ्याशी काही संबंध दिसत नाही.

सभागृहात चुळबूळ झाली. सर जागेवरूनच हसून म्हणाले, "लोक तयार हत्यारं बाहेरूनही आणतात. हे तर तुला मीच शिकवलं."

"आणतात सर. ते मधाच्या रंगाचं जरा देता का?"

त्यांनी स्वतः पेटी उघडून ते माझ्या हातात दिलं. मी ते कॅमेऱ्याखाली ठेवलं, पडद्यावर ताटाएवढं दिसलं. पर्समधून कपची काढली. "ही सिंदेवाहीची आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी खणलेली. आपल्या विभागामागच्या खड्ड्यातून उचललेली." आणि ती बसवली.

पडद्यावर पांढरी रेघ एकसंध झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं. मी सरांकडे पाहिलं. मला ते पाहायचं होतं, त्यासाठीच मी इतके दिवस गप्प होते. त्यांचा हात खिशाच्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कपाटात मिसळलं असेल," ते म्हणाले. "शिपायाला कळत नाही कुठे काय ठेवायचं. त्यानेच..."

शिपाई दाराशी उभा होता, पेट्या उचलायला आलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला. हे मला सुचलं नव्हतं. माझा घाव त्याच्यावर पडेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी घाईने सातवा फोटो लावला. "हे जमिनीत रुतलेलं आहे सर. खाली लिहिलंय, छायाचित्र तुमचं. कपाटात मिसळलेलं हत्यार एटापल्लीच्या मातीत कसं गेलं?"

सर खाली बसले. अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

परतताना मूलच्या स्टँडवर बस थांबली. मी दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले, वर लाल तर्री घालून. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. पुढे चौकशी बसली, सरांचा अहवाल मागे घेतला गेला, निवृत्तीचा सत्कार रद्द झाला. शिपायाला त्रास झाला नाही, हे मी दोनदा फोन करून खात्री करून घेतलं. सरांच्या एका विद्यार्थिनीने मला पत्र लिहिलं की तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला भर सभेत मारलंत, एकांतात सांगता आलं असतं. मी उत्तर लिहिलं: हो, आलं असतं.

वर्षभराने ते मला नागभीडच्या फलाटावर दिसले. एकटेच, गाडीची वाट पाहत. मी पुढे होऊन नमस्कार केला.

त्यांनी ओळखायला वेळ घेतला, की घेतल्यासारखं दाखवलं. "गोण्यांचं एवढं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं?"

"गोण्यांचं आणि हसण्याचं," मी म्हटलं.

कोणतं हसणं ते त्यांना आठवलं नाही, हे त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं होतं शिक्षा झाली म्हणजे त्यांना आठवेल. गाडी आली, ते चढले, आणि मी बराच वेळ तशीच संतापलेली उभी राहिले.

एटापल्लीचं पुढे असं झालं. सरांची हत्यारं खोटी होती, पण पांढऱ्या गारेचा चुरा खरा होता. तो त्यांनी पेरला नव्हता. कुणीतरी त्या उतारावर खरंच बसलं होतं, हाताशी होता तो वाईट दगड फोडत. सभागृहात मी हे एका वाक्यात सांगितलं होतं, पण कपची बसल्यावर ते वाक्य कुणाच्या कानात शिरलं असेल? त्या उतारावरून रस्ता रुंद होणार असं कळलं तेव्हा मी अर्ज घेऊन पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात गेले. साहेबांनी अर्ज वाचला आणि मनापासून गोंधळून विचारलं, "मॅडम, ती जागा खोटी आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी समजावलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. पण त्यांच्या फाइलमध्ये बनावट हा शब्द आधीच पडला होता, आणि तो माझ्यामुळे पडला होता.

काम सुरू व्हायला चार दिवस होते. मी रजा टाकली. माडिया बाई आणि तिची सून मदतीला आल्या. आम्ही हातभर लांबीचे चौकोन आखले आणि खरवडत गेलो. म्हातारीला दुसऱ्या दिवशी नजर आली. तिने एक पांढरी कपची उचलून मला दाखवली. "हा डावा हात," ती म्हणाली, आणि स्वतःचा डावा हात वर केला. ती स्वतः डावरी होती. मी पाहिलं, फुगा आणि पुढचे ठोके खरंच त्या बाजूला कललेले होते. खात्रीने सांगता येत नाही, पण मी चिठ्ठीवर तसं लिहून घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी यंत्र आलं. आमच्या पाच पिशव्या झाल्या होत्या.

त्यांच्यावर मी लेख लिहिला. चांगला झाला आहे. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात ही जागा कुणी, कशी बिघडवली ते सरांच्या नावासकट आहे. संपादकांनी कळवलं, लेख छापतो, पण तो परिच्छेद व्यक्तिगत वाटतो, तेवढा काढा. हत्यारं त्या जागेची नव्हती एवढं नाव न घेता लिहा.

त्यांचं बरोबर आहे. परिच्छेद काढला तर लेखाचं काही बिघडत नाही. लेख छापला गेला तर उतारावरच्या त्या माणसाबद्दल चार लोकांना कळेल, आणि म्हातारीने दोनदा निरोप पाठवून विचारलंय की तो डावा हात कागदात आला का.

तीन वेळा मी तो परिच्छेद काढायला बसले. अजून काढलेला नाही.